आधी वरण, मग डबा

प्रस्तावना

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी लागतं. प्रथिनांच्या हिशेबात हा मुलूख गरीब नाही. पावसाळ्यात इथल्या काळ्या रानात सोयाबीन उभं असतं आणि त्यात तुरीच्या ओळी. दिवाळीच्या मागेपुढे ज्वारी आणि हरभरा पेरला जातो. सोयाबीनच्या दाण्यात शेकडा ३६च्या आसपास प्रथिन असतं, तूर-हरभऱ्याच्या डाळीत २१-२२ आणि ज्वारीत १०. एक क्विंटल सोयाबीन म्हणजे ३६ किलो प्रथिन. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम लागतात असं धरलं, तर एका क्विंटलमध्ये त्याची जवळपास दोन वर्षांची बेगमी आहे.

हा माल मोंढ्यात जातो. तिथून सोयाबीन तेलाच्या कारखान्यात जातं. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत प्रथिन आणखी दाट होतं, आणि ती पेंड कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशात जाते. इकडे त्याच मुलखातला व्यायाम करणारा पोरगा मेडिकलवर किंवा मोबाइलवर प्रोटीन पावडरच्या डब्याचा भाव विचारत असतो. म्हाताऱ्या आईला अशक्तपणा आला, की मुलगा औषधांसोबत चॉकलेटी चवीचा एक डबा घेऊन येतो. लेकरू वाढत नाही म्हणून सून दुधात भुकटी कालवते. तिघांचीही काळजी खरी आहे. त्यांनी शोधलेलं उत्तर मात्र तपासून घ्यायला हवं, आणि हे पुस्तक त्यासाठीच आहे.

पुस्तकाचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्याकडे प्रथिनाचा प्रश्न आहे, पण बहुतेक घरांत तो डबा नसल्यामुळे निर्माण झालेला नाही. तो ताटातल्या प्रमाणामुळे निर्माण झाला आहे. भाकरी पोटभर आणि वरण पाण्यासारखं पातळ, अशी ताटाची जी घडी बसली आहे ती आधी मोडली पाहिजे. भुकटी हे काही विष नव्हे आणि अमृतही नव्हे. ती काही माणसांच्या, काही काळाच्या उपयोगाची वस्तू आहे. ती माणसं कोणती आणि तो काळ कोणता, हे ओळखता आलं तर घरातला बराच पैसा वाचेल आणि आरोग्यही सुधारेल.

पहिला प्रश्न नेहमी ‘किती?’ हाच असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२०मध्ये भारतीयांसाठी जे प्रमाण ठरवलं, त्यानुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरतं. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत त्यात रोज २२ ग्रॅमची भर पडते, आणि बाळंतपणानंतर पहिले सहा महिने १७ ग्रॅमची. या आकड्यांत सुरक्षिततेची थोडी शिल्लक आधीच धरलेली आहे. म्हणजे एखाद्या दिवशी पाच ग्रॅम कमी पडले म्हणून घाबरून जाण्याचं कारण नाही.

आता हे ५० ग्रॅम झरीच्या ताटात बसवून पाहू. दिवसभरात ज्वारीच्या तीन भाकरी, म्हणजे २७० ग्रॅम पीठ, त्यातून २७ ग्रॅम प्रथिन. पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीचं वरण, ११ ग्रॅम. मूठभर मटकीची उसळ, कोरडी मटकी ३० ग्रॅम, त्यातून ६ ग्रॅम. शेंगदाण्याची चटणी किंवा कूट, २५ ग्रॅम दाण्यांतून ६ ग्रॅम. दोनशे मिलिलिटर म्हशीचं दूध किंवा तेवढ्याच दुधाचं दही, ७ ग्रॅम. बेरीज ५७. यात एकही वस्तू बाहेरून मागवलेली नाही, आणि अंडं-मटण अजून मोजलेलंच नाही.

ही बेरीज वाचून कुणी म्हणेल, मग चार भाकरी आणि ठेचा खाल्ला तरी ३६ ग्रॅम होतातच की, आणखी एक-दीड भाकरी वाढवली की झालं. इथंच खरी मेख आहे. प्रथिन हे अमिनो आम्लांचं बनलेलं असतं. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल गरजेच्या मानाने जेमतेम निम्मंच असतं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला १.८ ग्रॅम लायसिन लागतं आणि चार भाकऱ्यांतून त्याला पाऊण ग्रॅमच्या आसपास मिळतं. बाकीची अमिनो आम्लं हजर असली, तरी लायसिनअभावी त्यांचा पुरेपूर वापर होत नाही. तुरीच्या डाळीत हेच लायसिन भरपूर असतं. तिच्यात जे मेथिओनिन कमी असतं, ते ज्वारी पुरवते. वरच्या ताटात डाळ, उसळ आणि दूध आल्याबरोबर लायसिन दोन ग्रॅमच्या पुढे जातं. तेव्हा वरण-भाकरी, डाळ-तांदळाची खिचडी, धपाट्यात ज्वारीबरोबर पडणारं हरभऱ्याचं पीठ, हे सगळे चांगले हिशेब आहेत. धान्य तीन भाग आणि डाळ एक भाग, हे प्रमाण पोषणशास्त्रज्ञ सांगतात. आपल्या रोजच्या स्वयंपाकात ते बहुतेक सहाला एक किंवा आठला एक झालेलं असतं.

ज्वारीबद्दल प्रेमापोटी खोटं बोलायचं नाही. तिचं प्रथिन पाण्यात शिजल्यावर गव्हा-तांदळाच्या प्रथिनापेक्षा पचायला जड होतं. आंबवल्यावर त्यात सुधारणा होते, म्हणून आंबील हा उन्हाळ्याचा केवळ थंडावा नाही. पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६०मध्ये दख्खनच्या पठारावरच्या ज्वारी खाणाऱ्यांमधल्या पेलाग्रा या आजाराचा संबंध ज्वारीतल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या जास्तीशी लावून दाखवला होता. नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्याला ती अपुरी पडते. डाळीच्या, दुधाच्या संगतीत ती उत्तम धान्य ठरते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेच्या साथीने २०१८मध्ये ‘परभणी शक्ती’ हे वाण दिलं. लोह आणि जस्त वाढवलेलं ज्वारीचं हे देशातलं पहिलं वाण. त्यात प्रथिनही शेकडा १२च्या जवळ आहे आणि लोह-जस्त अडवून धरणारं फायटेट कमी आहे. भुकटी न घालता पोषण वाढवण्याचा हाही एक रस्ता आहे, आणि त्याचं नाव आपल्याच जिल्ह्याचं आहे.

अन्न की पूरक, हा वाद आजचा नाही. त्याचा एक मोठा अध्याय एका मराठी माणसाने लिहिला आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत जगभरच्या पोषणतज्ज्ञांना वाटत होतं, की गरीब देशांची मुख्य उणीव प्रथिनाची आहे. १९६८मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सल्लागार समितीने तर येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा दिला. मासळीची भुकटी, पेट्रोलियमवर वाढवलेले सूक्ष्मजीव, तेलबियांची पिठं असे कितीतरी उपाय पुढे आले. त्या काळात रोममधल्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. त्यांनी भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे माणसागणिक तपासले आणि दाखवून दिलं, की ज्यांना प्रथिन कमी पडतं, त्यांतल्या बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडतं. पोट भरत नसेल तर शरीर प्रथिनही इंधन म्हणून जाळून टाकतं. नेहमीचं धान्य-डाळीचं जेवण पुरेसं मिळालं, तर प्रथिनाची गरज त्यातूनच भागते. गोपालन यांचंही लहान मुलांच्या आहाराबाबत असंच म्हणणं होतं. १९७४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड मॅकलारेन यांनी त्या सगळ्या प्रथिन-मोहिमेला फजितीच ठरवलं.

सुखात्मे निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झाले आणि आणखी पुढे गेले. कमी अन्नाशी शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, या त्यांच्या सिद्धांतावर वि. म. दांडेकरांसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी कडाडून टीका केली, कारण त्यातून भुकेलेल्यांची संख्या कागदावर घटत होती. ही टीका विसरू नये. मात्र त्यांचा पहिला निष्कर्ष आजही उपयोगाचा आहे: आधी पुरेसं जेवण, मग प्रथिनाचा वेगळा हिशेब. अर्धपोटी माणसाला चमचाभर भुकटी देणं हे इलाज केल्याचं समाधान तेवढं देतं.

दुसरं नाव कमला सोहोनी यांचं. दुर्गा भागवतांच्या या भगिनीला १९३३मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, प्रवेश मिळवलाच. तिथंच त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं, १९३९मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्यं आणि नीरा यांवर विद्यार्थ्यांसह संशोधन केलं. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला (एन्झाइमला) अडवणारे घटक असतात, हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय. शिजवल्यावर या घटकांचा जोर जातो. भिजवणं, मोड आणणं, उकडणं, भाजणं या आपल्या स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या कामांना प्रयोगशाळेत असा अर्थ मिळाला. सोयाबीनचं पीठ घरी करताना दाणे आधी उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवून, वाळवून मगच दळायचे, हा नियम याच कारणासाठी आहे. उत्तरायुष्यात सोहोनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेच्या कामात होत्या आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात अन्नातल्या भेसळीबद्दल लिहीत. प्रथिनांचा अभ्यास आणि भेसळीवर नजर, ही दोन्ही कामं एकाच बाईने केली. आज डब्याच्या दुकानासमोर उभं राहताना दोन्हींची गरज पडते.

पूरक आहारही आपल्याला नवा नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचं पीठ एक भाग, असं जीवनसत्त्वं घातलेलं बहुउपयोगी अन्न तयार केलं होतं. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला गेली, तेव्हा कामावर सुकडी वाटली गेली. सुकडीची आणि लाल मिलो ज्वारीची आठवण सांगणारी माणसं अजून गावोगाव आहेत. तो पूरक आहार संकटासाठी होता आणि संकटात तो खरोखर आधार ठरला. रोजचं जेवण मिळू लागल्यावर सुकडी कुणी विकत घेऊन खाल्ली नाही. पूरक म्हणजे काय, हे तेव्हाच्या मजुराला नीट ठाऊक होतं.

आज चित्र कसं आहे? २०२३-२४च्या राष्ट्रीय उपभोग पाहणीनुसार ग्रामीण भारतात माणशी रोज ६१.८ ग्रॅम प्रथिन मिळतं. सरासरी म्हणून आकडा चांगला आहे. पण त्यातलं जवळपास निम्मं धान्यातून येतं, आणि सरासरीत सगळ्यांत शेवटी जेवणारी बाई दिसत नाही. पातेल्यातलं वरण तळाला गेल्यावर जी जेवायला बसते, तिच्या वाट्याला भाकरी आणि कालवणाचा रस्सा येतो. रेशनवर तांदूळ-गहू मिळतात, २०२३पासून तर ते मोफत आहेत. पण महिन्याच्या शिध्यात डाळ नाही. २०२२च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत रवा, साखर, तेलासोबत एक किलो हरभरा डाळ मिळाली, तीही सणापुरती. शाळेच्या आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचा निर्णय राज्याने २०२३च्या अखेरीस घेतला आणि जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी बंद केला. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याला डाळ विकत घ्यावी लागते आणि भाव चढला की सगळ्यांत आधी तीच पातळ होते. ‘घरचं खा’ हा सल्ला देणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

आता डब्याकडे वळू. बाजारातली बहुतेक प्रोटीन पावडर व्हे प्रथिनाची असते. दूध फाडून चीज किंवा पनीर केल्यावर जे पाणी उरतं, त्यातलं प्रथिन गाळून, सुकवून ही भुकटी तयार होते. कॉन्सन्ट्रेट प्रकारात शेकडा ८०पर्यंत आणि आयसोलेटमध्ये शेकडा ९०च्या पुढे प्रथिन असू शकतं. ते चटकन पचतं, त्यात सगळी आवश्यक अमिनो आम्लं असतात आणि एका मापात २०-२५ ग्रॅम मिळतात. हे गुण नाकारायचे कारण नाही. भुकटीत जे नसतं तेही पाहावं. डाळीतला तंतुमय भाग, लोह आणि फोलेट, शेंगदाण्यातलं चांगलं तेल, अंड्यातलं बी-१२ हे सगळं अन्नात प्रथिनाबरोबर येतं. डब्यात बऱ्याचदा त्याऐवजी साखर, कृत्रिम गोडी आणि स्वाद येतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४मध्ये जी आहार मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत प्रथिन भुकट्यांचा नियमित वापर करू नये असं स्पष्ट सांगितलं आहे.

डब्यावर लिहिलेलं डब्यात असतंच, हेही धरून चालता येत नाही. केरळमधल्या डॉक्टर सिरिअक अॅबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पूरकांची तपासणी करून २०२४मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळपास ७० टक्के डब्यांवरची प्रथिनाची माहिती चुकीची निघाली, काहींत तर सांगितल्याच्या निम्मंच प्रथिन होतं. १४ टक्के नमुन्यांत बुरशीचं अफ्लाटॉक्सिन आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. हे कसं खपून जातं, तेही समजून घ्यावं. प्रथिन मोजण्याची जुनी पद्धत नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ने गुणते. ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त, नायट्रोजनयुक्त द्रव्यं मिसळली की आकडा फुगतो, प्रथिन वाढत नाही. चीनमध्ये २००८मध्ये दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच आकड्यासाठी. सहा तान्ही मुलं दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. तुरीच्या डाळीतही भेसळ होते, पण डाळ डोळ्यांना दिसते, हाताला लागते आणि शिजताना कळते. भुकटीची परीक्षा घरात होत नाही.

व्यायाम करणाऱ्या तरुणाला ०.८३ हे प्रमाण पुरत नाही, हे मान्य आहे. वजनं उचलणाऱ्यांवरच्या ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८मध्ये निघाला. दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायू वाढण्यात सरासरीने विशेष भर दिसली नाही. शिवाय ज्यांनी प्रथिनाची जास्तीची मात्रा घेतली, त्यांचं स्नायूंसह चरबीविरहित वजन न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ३०० ग्रॅमनेच जास्त वाढलं. म्हणजे मोठं काम व्यायाम करतो, प्रथिन त्याला हात देतं. ६५ किलोच्या पोराला १.६ने १०४ ग्रॅम लागतात. तीन भाकरी २७, साठ ग्रॅम डाळ १३, पन्नास ग्रॅम कडधान्याची उसळ १०, पन्नास ग्रॅम शेंगदाणे १२, तीस ग्रॅम सोयावडी १५, दोन अंडी १३, चारशे मिलिलिटर म्हशीचं दूध १४. बेरीज बरोबर १०४. अंडं चालत नसेल, तर पंचवीस ग्रॅम सोयावडी वाढवावी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा तालमीच्या खुराकात दूध, तूप, बदाम आणि मटण होतं. खुराक महाग होता हे खरं, पण तो अन्नच होता.

पैशाचा हिशेब याहून बोलका आहे. २०२५-२६ हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. त्या भावाने शेतकऱ्याला आपल्या सोयाबीनमधल्या प्रथिनाचे ग्रॅममागे १५ पैसे मिळतात, आणि मोंढ्यात कित्येकदा तेवढेही पदरात पडत नाहीत. डाळीतलं प्रथिन किरकोळ दुकानात ग्रॅमला साधारण अर्ध्या रुपयाला पडतं, अंड्यातलं रुपयाच्या आसपास. किलोला अडीच हजाराचा, शेकडा ७५ प्रथिनाचा डबा घेतला तर ग्रॅमला तीन रुपयांहून जास्त मोजावे लागतात. व्हेचं प्रथिन डाळीपेक्षा सरस आहे हे धरलं, तरी सहापट सरस नाही.

मग डबा कुणाला लागतो? ज्याला खाणं शक्य नाही किंवा पुरत नाही त्याला. मोठी शस्त्रक्रिया झालेला, भाजलेला, कर्करोगाच्या उपचारांत तोंडाची चव गेलेला, डायलिसिसवर असलेला, दात नसलेला आणि चार घासांत पोट भरणारा वृद्ध. वयस्कांना स्नायू टिकवण्यासाठी दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिन द्यावं, असं वार्धक्यावरचे तज्ज्ञ सांगतात, आणि नेमकी त्याच वयात भूक मंदावते. अशा वेळी डॉक्टरांनी सांगितलेली भुकटी वापरावी, तिथं वरणाचा हट्ट धरू नये. उलट मूत्रपिंडाचा आजार असून डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णाने मनानेच डबा सुरू करणं धोक्याचं आहे.

आजारातही अन्नाचं बळ कमी लेखू नये. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना तांदूळ, डाळ असा शिधा आणि जीवनसत्त्वं देऊन एक मोठी चाचणी झाली. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयरोगाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. किराणा दुकानात मिळणाऱ्या वस्तूंनी एक रोग रोखायला केलेली ही मदत आहे.

या पुस्तकावर दोन आक्षेप येतील. पहिला, डाळी-कडधान्यांनी पोट फुगतं. भिजवलेलं पाणी टाकून देणं, मोड आणणं, नीट शिजवणं, हिंग-ओव्याची फोडणी आणि मात्रा हळूहळू वाढवणं, याने बहुतेकांचा त्रास कमी होतो. मुगापासून सुरुवात करावी, हरभऱ्याकडे मागाहून यावं. दुसरा आक्षेप वेळेचा. शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईला दोन वेळा उसळ करायला सांगणं सोपं आहे, करणं नाही. म्हणून पुस्तकात विना-चुलीच्या आणि एकदा करून आठवडाभर पुरणाऱ्या वस्तूंना जास्त जागा दिली आहे. शेंगदाणे, जवस, कारळ यांच्या चटण्या, भाजलेले फुटाणे, येसर, हंगामात तुरीचे ओले सोले आणि हरभऱ्याचे ढाळे. हे पदार्थ मराठवाड्यातल्या घरांना शिकवायचे नाहीत. चटणी चिमूटभर तोंडी लावण्याऐवजी दोन चमचे घ्यायची, एवढंच सांगायचं आहे. मांस-मासे-अंडी खाणाऱ्या घरांसाठी वेगळी प्रकरणं केलेली नाहीत. शाकाहार आणि मांसाहार यांचा तंटा या पुस्तकात नाही, ज्याच्या घरी जे शिजतं त्याचं मोजमाप आहे.

पुढच्या प्रकरणांत आधी वयोगटानुसार गरज, मग पदार्थागणिक प्रथिन, मग डब्यावरचं लेबल वाचायचं कसं, अशी मांडणी आहे. आकडे कच्च्या, कोरड्या वस्तूंचे आहेत. शिजल्यावर वजन वाढतं, त्यामुळे वाटीभर वरणात किती डाळ आहे हे पातेल्यात टाकतानाच मोजावं लागतं. वाण, हंगाम आणि जमीन यांनुसार आकडे थोडे इकडेतिकडे होतील. लेबलच्या प्रकरणातल्या तीन गोष्टी इथंच सांगतो. शंभर ग्रॅममागचं प्रथिन पाहा, नुसतं ‘एका मापात’ लिहिलेलं पाहू नका. घटकांच्या यादीत साखर आणि सुटी अमिनो आम्लं कुठं आहेत ते बघा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक नसेल, तर डबा जागेवर ठेवा.

वाचकाला विनंती एवढीच, की पुस्तक वाचून झाल्यावर पहिल्या दिवशी काहीही विकत आणू नये. घरात माणसं किती आणि दिवसाला डाळ किती शिजते, एवढं एकदा तराजूवर मोजावं. माणशी पन्नास ग्रॅम भरत नसेल, तर तेवढी डाळ वाढवावी, आणि वाढलेल्या वरणातली पहिली वाटी घरातल्या शेवटी जेवणाऱ्या माणसासाठी बाजूला काढावी. हे महिनाभर करून पाहा. त्यानंतरही डब्याची गरज वाटली, तर डॉक्टरांना विचारून जरूर घ्या.